लोंबत्या चाकांवरचं माप

आमच्या अ‍ॅम्बॅसडरचा तिसरा गिअर निसटायला लागला तेव्हा मी स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना दोष दिला. रस्त्यांना दिला, हल्लीच्या ऑइलला दिला, गतिरोधक घालणाऱ्यांना तर रोजच दिला. बायको म्हणाली, गाडी आपल्या लग्नाहून दोन वर्षांनी मोठी आहे, आणि निसटायला तर तुमचे दातही लागलेत. दातांचा आणि गिअरचा काही संबंध नाही हे मी तिला पटवून देत होतो, तेवढ्यात धारवाडात मळमड्डीतल्या आमच्याच चढावर गाडी पुन्हा न्यूट्रलमध्ये आली. दांडा हातानं दाबून धरला की गिअर टिकायचा. मला त्याचं काही जड नव्हतं. गाडी चालवताना डावा हात दांड्यावर ठेवायची सवय मला पहिल्यापासूनचीच, आणि ती ऐटबाज दिसते असं माझं मत होतं.

गाडी मुळात सासऱ्यांची. अळणावरला त्यांची लाकडाची वखार होती. लग्न झाल्यावर बायको याच गाडीत बसून धारवाडला आली आणि सासरे गेल्यावर गाडीही तिच्या मागोमाग आली. अळणावरच्या घरी आता तिची थोरली बहीण एकटीच असते. आम्ही सगळेच तिला अक्का म्हणतो. माझ्या रागाला न भिणारी माणसं जगात दोनच, त्यातली एक अक्का. दुसरी माझ्या घरातच आहे.

मागच्या उन्हाळ्यात बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, वॉकर धरून ती चालायलाही लागली, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की खाली वाकून बसायचं नाही, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. छोट्या गाड्यांची सीट जमिनीला टेकलेली. मोठ्या गाड्यांत चढायचं म्हणजे माडी चढल्यागत. रेल्वेच्या पायऱ्यांचा तर विचारच नको. अ‍ॅम्बॅसडरची मागची सीट मात्र बरोबर खुर्चीएवढी उंच आहे. आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. लेकाची नवी गाडी नाकारून ती आमच्या या म्हातारीत आरामात बसायची, याचा मला गुपचूप आनंद होता.

आणि तिला अळणावरला जायचं होतं. अक्काला काचबिंदू झालाय. एक डोळा गेलेलाच आहे आणि दुसऱ्याची नजर कडेकडेनं विझत चालली आहे. डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवून ठेवलं नाही. रोज सकाळी अकराला दोघी बहिणींचा फोन असतो, त्यात भाजीपासून भावकीपर्यंत सगळं येतं. एका सकाळी अक्का म्हणाली, "मला थोडं दिसतंय तोवर एकदा येऊन जा की ग. तू चालतीस म्हणे. मला बघू दे चालताना. फोनवर तू टिकलीएवढी दिसतीस."

बायकोनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कढई घासायला घेतली. मी त्याच दिवशी हुबळीला फोन लावला.

हुबळीला माझा एक जुना विद्यार्थी आहे. मी पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, कन्नडातून, आणि माझे विद्यार्थी कलेक्टर कचेरीपासून भाजीबाजारापर्यंत सगळीकडे सापडतात. हा दहावीनंतर शाळा सोडून गॅरेजात गेला आणि आता स्वतः पन्नाशी ओलांडून बसलाय. त्याच्या गॅरेजात फक्त जुन्या गाड्या येतात. माझ्यासमोर तो खुर्चीवर बसत नाही. कितीही सांगा, अंगणात पडलेला टायर ओढून त्यावर बसतो. गाडीखाली शिरण्याआधी दर वेळी माझ्या पायाला हात लावतो आणि मग सरपटत आत जातो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

त्यानं गिअरबॉक्स उघडून बघितला आणि मान हलवली. आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा चिमटा, झिजून पातळ झाला होता, दात खाल्ले गेले होते. जुन्या बनावटीचा बॉक्स मिळणार नाही, पण नंतरच्या मॉडेलचा, पाच गिअरचा, चांगला बॉक्स हुबळीच्या भंगार बाजारात आहे, असं तो म्हणाला. फक्त त्याची लांबी जास्त आणि दांडा स्टिअरिंगपाशी न येता जमिनीतून वर येतो. म्हणजे तळाला भोक पाडायचं, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यापर्यंत फिरत जाणारा जो लांब दांडा असतो, तो प्रॉपेलर शाफ्ट, नव्या मापाचा करून घ्यायचा. मी म्हटलं, माप माझ्याकडे लागलं. तो "हौद्री, सर" म्हणून हो म्हणाला.

पुढचे तीन रविवार आमच्या अंगणात गाडी चार घोड्यांवर उभी होती. घोड्या म्हणजे लोखंडी तिकाटणी. गाडीचं अंग त्यांवर टेकतं आणि चाकं खाली मोकळी लोंबतात. बायको व्हरांड्यात उंच खुर्चीवर बसून शेंगा सोलत देखरेख करायची. तिच्या वडिलांच्या गाडीच्या पोटात भोक पाडलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं, पण शेंगा सोलायच्या थांबल्या नाहीत.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. क्लचची प्लेट अगदी मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्सची पुढची टोकदार कांडी आत जात नाही, माणूस ढकलून ढकलून रडकुंडीला येतो. यानं त्यासाठी सागवानाची एक खुंटी कातून आणली होती. खुंटीनं प्लेट मध्यावर धरली, बोल्ट आवळले, खुंटी काढली. मग आम्ही दोघं गाडीखाली उताणे झालो. जॅकवर गिअरबॉक्स, मागून माझे हात, पुढून त्याचे. तो कानानं काम करत होता. थोडं वर, थोडं डावीकडे, आणि मग बॉक्स स्वतःहूनच पुढे सरकला आणि जागेवर बसला. माझ्या कपाळावर ऑइल, त्याच्या मिशीत ऑइल. बाहत्तराव्या वर्षी मला इतका आनंद कशानं होईल असं वाटलं नव्हतं.

मग मापाचा रविवार. त्या दिवशी मी सदरा बदलून आलो होतो. स्टीलची टेप, ओळंबा, चौकटीची वही. गिअरबॉक्सच्या शेपटापासून गोळ्याच्या पट्टीपर्यंत मी तीन वेळा मापलं, तिन्ही वेळा लिहिलं, सरासरी काढली. मिलिमीटरचाही फरक नको होता. टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. तिसऱ्या मापानंतर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, गाडी एकदा खाली घेऊन बघू या का, सर? मी वही मिटत म्हटलं, मोजून झालंय. मला आठवतं, त्यानं टेपचं टोक सोडलं नव्हतं, मीच ओढून घेतलं.

हुबळीच्या लेथवाल्यानं माझ्या कागदाबरहुकूम नळी कापली, वेल्ड केली, फिरवून तोल साधून दिला. शाफ्ट बसला. आम्ही दोघं केलगेरीच्या तळ्यापर्यंत गेलो आणि आलो. पाचवा गिअर टाकल्यावर गाडी इतकी गपगुमान चालली की मी तळ्याकाठी उतरून तिच्या बॉनेटवर थाप मारली. परत येऊन बायकोला सांगितलं, गुरुवारी अळणावर.

गुरुवारी तिनं हिरवी साडी नेसली. अक्कासाठी कारळ्याची चटणी, शेंगांच्या पोळ्या, आणि डिकीत जोंधळ्याची दोन पोती, कारण अक्काला अळणावरचा जोंधळा पसंत नाही. काही लागलं तर असावा म्हणून मेकॅनिकही बरोबर आला, माझ्या शेजारी बसला. मागे बायको, पाठीला उशी, बाजूला वॉकर. अक्काला सकाळीच फोन झाला होता. ती आठ वाजल्यापासून पायरीवर येऊन बसणार होती.

केलगेरीच्या अलीकडे एक गतिरोधक आहे. मी सावकाशच घेतला. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि गाडीच्या पोटात ठण् करून असा दणका बसला की माझे पाय फळीवरून उडाले. मागून बायको किंचाळली. मी वळून बघितलं तर तिनं दोन्ही हातांनी खुबा धरला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. दुखलं नव्हतं, घाबरली होती, पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो आणि रस्त्यावरच त्याच्यावर तोंड सोडलं. काय बसवलंस हे, हात मोडले होते का, भरवशानं बोलावलं तर हा उद्योग. शाळेतला माझा आवाज अजून शाबूत आहे हे केलगेरीच्या लोकांनाही समजलं. तो मान खाली घालून ऐकत होता. एकदा वाकून त्यानं गाडीखाली बघितलं आणि पुन्हा तसाच उभा राहिला.

बायकोनं काच खाली केली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. त्याला म्हणाली, "माप घेतलं त्या दिवशी मी व्हरांड्यात होते. तुझं तोंड बघितलंय मी. तुला ठाऊक होतं ना?"

त्यानं माझ्याकडे न बघता तिलाच सांगितलं. चाकं लोंबत असताना माप घेतलं, अम्मा. गाडी चाकांवर उभी राहिली आणि भार बसला की मागचा गोळा वर येतो, शाफ्ट पुढे सरकून गिअरबॉक्सात शिरतो. दोघंच होतो तेव्हा थोडी जागा उरली होती. आज पोती आहेत, तुम्ही आहात, त्यात गतिरोधक. शाफ्टला शिरायला जागाच नाही, तो बॉक्सला आतून धडकला.

पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. गाडी हवेत टांगून तिचं माप घ्यायचं आणि तेही तीनदा, सरासरीसकट. मी विचारलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"एकदा बोललो होतो, सर," तो म्हणाला. "नववीत."

मला काहीच आठवेना. त्यालाच सांगावं लागलं, आणि सांगताना तोच ओशाळला होता. मी फळ्यावर पुलावरून जाणाऱ्या आगगाडीचं गणित सोडवत होतो. पुलाची लांबी घेतली आणि गाडीची लांबी मिळवायला विसरलो. यानं हात वर केला आणि उभं राहून सांगितलं. मी खडू फेकून मारला, तू मला शिकवणार का म्हणून विचारलं आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. आठवड्यानंतर आत घेतलं, गणित मात्र पुसलं गेलं होतं. "त्यानंतर मी कधी हात वर केला नाही, सर," तो अगदी साधेपणानं म्हणाला.

मला लाज वाटली, एवढंच. खडू फेकल्याचं मला आजही आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच जास्त लाज वाटली. असे किती खडू फेकले असतील देव जाणे.

जोंधळ्याची पोती रिक्षात घालून घरी पाठवली आणि आम्ही बायकोला घेऊन पायी चालणाऱ्याच्या वेगानं परत आलो. अक्काला फोन मीच केला. आज जमत नाही म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली, आणि थोड्या वेळानं, मी पायरीवर बसलेय म्हणून ऊन कळतंय, आत गेल्यावर तेही कळत नाही, असं म्हणाली. बायको शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला नाही. तिला बोलायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. गॅरेज बंद ठेवून आला होता. गिअरबॉक्स उघडून त्यानं आतून तपासला. नशिबानं काही फुटलं नव्हतं. मग चारी चाकांखाली दगडी चिरे रचून गाडी त्यांवर उभी केली, म्हणजे चाकांवर भारही राहिला आणि खाली शिरायला जागाही झाली. पोती डिकीत गेली. बायको मागच्या सीटवर जाऊन बसली, तीच हिरवी साडी नेसून. मी विचारलं, साडी कशाला, अंगणात तर बसायचंय. ती म्हणाली, साडीचंही वजन धरा, कालच्यासारखं नको.

या वेळी तो गाडीखाली होता आणि मी बाहेर वही घेऊन उकिडवा बसलो होतो. त्यानं माप सांगितलं, मी लिहिलं. आधीच्या मापात आणि यात जवळजवळ एक इंचाचा फरक होता. लिहून झाल्यावर मी विचारलं, पुन्हा एकदा मापायचं का? आतून आवाज आला, "नको, सर. बरोबर आहे." माझ्या विद्यार्थ्यानं मला नको म्हणण्याची ती पहिली वेळ असावी. मी वही मिटली.

शनिवारी लेथवाल्यानं शाफ्ट तेवढा कमी करून दिला आणि रविवारी आम्ही अळणावरला पोचलो. केलगेरीचा गतिरोधक ओलांडताना तिघांनीही श्वास रोखला होता. मागची चाकं गेली आणि काही झालं नाही, तेव्हा बायको म्हणाली की हा प्रवास मला खुब्यापेक्षा महाग पडतोय.

अक्का पायरीवर होती. घराला पाच पायऱ्या आहेत आणि बायकोला त्या चढता येणार नव्हत्या, म्हणून अक्काच भिंतीला हात लावत खाली आली. बायको गाडीतून उतरली, वॉकर धरला. अक्का म्हणाली, "थांब. चाल बघू."

बायको वखारीच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि तिथून परत आली. अक्काला समोरचं जेमतेम ताटाएवढं दिसतं, म्हणून बायको जशी सरकत होती तशी अक्काची मान सरकत होती. तिनं एक पाऊल सुटू दिलं नाही. बायको जवळ आल्यावर अक्कानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, नाकापर्यंत जवळ आणलं आणि नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "जाड झालीस की ग." दोघी हसल्या आणि दोघी रडल्या. मीही रडलो, पण मी डिकीकडे तोंड करून उभा होतो.

पायऱ्यांचा प्रश्न अक्कानं सोडवला. ती सरळ गाडीत जाऊन बसली, मागच्या सीटवर, बहिणीशेजारी, वडील बसायचे त्या बाजूला. दारं उघडी टाकून दोघी दोन तास तिथेच बसल्या. चटणी तिथेच उघडली, पोळ्या तिथेच खाल्ल्या.

आम्ही दोघं गाडीमागे उभे होतो. डिकीवर रस्त्याच्या तांबड्या धुळीचा थर बसला होता. मी त्याला म्हटलं, ते गणित घाल इथे. त्याला आकडे पाठ होते. त्यानं बोटानं धुळीत पुलाची लांबी मांडली, गाडीची लांबी मिळवली, वेगानं भागलं आणि उत्तराखाली रेघ ओढली. मी शाळेत मारायचो तशी मोठी बरोबरची खूण बाजूला मारली. म्हटलं, "बरोबर होतं रे तुझं. चूक माझी होती. शाफ्टचीही आणि याचीही."

तो बोट पँटला पुसत राहिला. मग म्हणाला, "सर, अजून एक सांगू?"

मी सांग म्हटलं.

"तुमचा जुना गिअरबॉक्स रस्त्यांनी गेला नाही. तुम्ही दांड्यावर हात ठेवून गाडी चालवता. हाताच्या वजनानं आतला फोर्क घासत राहतो. बॉक्स उघडला त्याच दिवशी कळलं होतं मला."

माझे कान तापले. ओठांवर काय काय येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही. गाडीतून बायकोचा हसण्याचा आवाज आला, आणि अक्का तिला विचारत होती की काय म्हणाला तो, मोठ्यानं सांग की.

परतताना संध्याकाळचं ऊन समोर नव्हतं, मागे होतं. बायको उशीला टेकून झोपली होती. गाडी पाचव्या गिअरमध्ये होती, रस्ता मोकळा होता. केलगेरीचं तळं दिसायला लागलं तेव्हा माझा डावा हात, मला न विचारता, स्टिअरिंगवरून खाली उतरला आणि नव्या दांड्याच्या गोट्यावर जाऊन बसला.

"सर," शेजारून तो म्हणाला.

मी हात उचलला.